साडेतीन माणसं

परवा कोल्हापुरात गंगावेशीत वडापात, म्हणजे माणसं भरून नेणाऱ्या खाजगी गाडीत, बसलो तर ड्रायव्हरनं मागच्या सीटकडं एक नजर टाकली आणि खालच्या पोराला ओरडला, "साडेतीन झाली रं, अजून एखादा बारका बघ!" सीटवर आम्ही चौघं होतो. म्हणजे अर्धा कोण हे सांगायला नको. भाडं मात्र माझ्याकडनं आख्खं घेतलं, ते पण आधी.

गगनबावडा रोडला जाणाऱ्या माणसाला हे नवीन नाही, भरल्याशिवाय गाडी हलत नाही. पण शेजारच्या आजोबांना लई वाईट वाटलं. सरकी पेंडीचं पोतं माझ्या पायावर सरकवत म्हणाले, "अर्धं कसं धरत्यात? सरकार बी आख्खं धरतंय की!"

तिथनं जे सुरू झाले ते थांबेनात. त्यांची वाडी डोंगरात, रस्त्यापासनं आत. 2000 साली पंतप्रधान ग्रामसडक योजना आली, नियम असा की रस्ता मिळायला मैदानी भागात वस्ती 500 ची पाहिजे आणि डोंगरी राज्यात 250 ची. आता आमचा गगनबावडा डोंगरात हाय का न्हाई हे करूळ घाट चढून आलेल्या कुठल्याही म्हशीला विचारा, पण महाराष्ट्र काय त्या डोंगरी राज्यांच्या यादीत नाही, त्यामुळं आजोबांची वाडी कागदावर मैदानात. आणि 2001 च्या जनगणनेच्या मोजणीत थोडी माणसं कमी पडली.

"कशानं कमी पडली?"

"दोघं मुंबईला, एक बाळंतपणाला म्हायेरी, आन् आमचा थोरला भाऊ रुसून शेतात जाऊन बसला हुता. त्यो कुणालाच गावला न्हाई."

पाचशेला तेवढीच कमी होती का, असं विचारल्यावर आजोबा खिडकीबाहेर बघायला लागले. मग एकदम वळून, "पावनं, तुमी कुठलं?" मी गाव सांगितलं. "घरात किती हायसा?" चौघं. त्यांचे डोळे चमकले. "2027 ला मोजणी हाय. तेवढ्या टायमाला या की आमच्याकडं ऱ्हायला. तांबडा-पांढरा करतो."

मी म्हटलं आजोबा, योजनेचा चौथा टप्पा 2011 च्या आकड्यावर चाललाय, 2027 ला मोजून काय उपयोग. तर म्हणाले, "मग पाचवा ईल की."

ह्या माणसाच्या चिकाटीला नमस्कार, पण मला राग दुसऱ्याच गोष्टीचा येतो. जिल्ह्यात 38 लाखांच्या वर माणसं आणि आमच्या तालुक्यात 35 हजारांच्या आसपास, सगळ्यात कमी. म्हणून सगळ्यात शेवटी आम्ही. कोल्हापुरात रेल्वे आली 1891 ला, शाहू महाराजांच्या काळात, आणि तिथंच थांबली, पश्चिमेकडं इंचभर नाही. खाली कोकणात वैभववाडीपर्यंत रूळ टाकायचं कधीपासनं ऐकतोय. पावसाळ्यात मांडुकलीला रस्त्यावर पाणी आलं की आमचं बेटच होतं, आणि लोक विचारतात, "मग दुसऱ्या रस्त्यानं का येत नाही?" कुठला दुसरा?

तेवढ्यात बारका सापडला. कॉलेजचं पोरगं, बॅगेसकट माझ्या मांडीवर. ड्रायव्हर खुश, "झाली चार!" मी म्हटलं मालक, दोन अर्ध्यांचं एक भाडं घ्या मग. त्यानं ऐकलंच नाही, टेप लावला.

बालिंगा पुलावर आजोबांनी परत गाठलं. "पोरं केवढी हायत तुमची?"

एक सात, एक चार.

"चांगलं हाय की. वडापात त्यांचं भाडं अर्धं पडंल, आन् मोजणीत दोन्ही आख्खी धरत्यात!" असं म्हणून त्यांनी माझा नंबर घेतला, आणि आता रोज सकाळी गुड मॉर्निंगचे गुलाब येताहेत.