जन्मजात अधिक दोन

डंजन्स अँड ड्रॅगन्स हा टेबलाभोवती बसून, कल्पित पात्रे घेऊन फाशांवर खेळायचा साहसखेळ आणि त्या धर्तीचे खेळ खेळणाऱ्यांमध्ये गेली काही वर्षे एक म्हणणे सतत फिरते आहे आणि आमच्या नागपुरातल्या रविवारच्या टेबलावरही ते दर दोन-तीन महिन्यांनी नव्याने मांडले जाते. पात्राच्या वंशानुसार मिळणारे अधिक-गुण काढून टाकल्याने खेळाचा कणाच मोडला, असे ते म्हणणे आहे. त्याच्या पाठीशी चार कारणे दिली जातात: हे गुण पहिल्यापासून होते, ते वास्तवाला धरून होते, त्यांच्यावाचून सगळे वंश एकसारखे होतात, आणि ते काढण्यामागे अमेरिकेतले राजकारण आहे, ज्याच्याशी आपला काही संबंध नाही. ही चारही कारणे मला पटत नाहीत. पाचवे एक कारण आहे, जे फारसे कुणी देत नाही, त्यात मात्र तथ्य आहे. त्याकडे शेवटी येतो.

ज्यांनी हा खेळ खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायचे तर, प्रत्येक पात्राला ताकद, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि छाप असे सहा गुण असतात. २०१४ च्या नियमांत पात्राचा वंश, म्हणजे एल्फ, ड्वार्फ यांसारखी कल्पित जमात, ठरला की त्यातल्या काही गुणांत आपोआप भर पडत असे: हाफ-ऑर्कला ताकदीत अधिक दोन आणि काटकपणात अधिक एक, ड्वार्फला काटकपणात अधिक दोन, नोमला बुद्धीत अधिक दोन. २०२० साली ही भर हव्या त्या गुणांत वळवण्याची मुभा मिळाली. २०२४ च्या नियमांत ती वंशापासून पूर्ण तोडून पात्राच्या पूर्वायुष्याशी, म्हणजे आधीच्या धंद्या-व्यवसायाशी जोडली गेली आणि ‘रेस’ हा शब्द जाऊन ‘स्पीशीज’ आला.

‘पहिल्यापासून होते’ हे साफ चुकीचे आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा मूळ खेळ १९७४ चा. त्यात वंशानुसार गुणांत भर नव्हती; होत्या त्या पातळीच्या (अनुभवाने चढत जायच्या पायरीच्या) मर्यादा, म्हणजे ड्वार्फ योद्धा सहाव्या पातळीपुढे आणि हाफलिंग चौथीपुढे जाऊ शकत नसे. अधिक-उणे आले ते १९७८ च्या ॲडव्हान्स्ड आवृत्तीत, आणि १९८१ च्या सोप्या आवृत्तीत, जिच्यात ड्वार्फ किंवा एल्फ असणे हाच पात्राचा पेशा (योद्धा, जादूगार असा प्रकार) होता, ते पुन्हा नव्हते. १९७८ च्या त्याच नियमांत मानव पुरुष योद्ध्याची ताकद जास्तीत जास्त १८/०० (अठरापुढचे शंभरातले माप; ०० म्हणजे शंभर) पर्यंत जाऊ शकत असे, तर मानव स्त्री योद्ध्याची १८/५० लाच थांबत असे. हा नियमही त्या वेळी वास्तवाच्याच नावाने समर्थनीय ठरवला गेला असता. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत तो गेला, २००० साली पातळीच्या मर्यादाही गेल्या, आणि आज परंपरेचा कैवार घेणाऱ्यांपैकी कुणीही या दोहोंसाठी गळा काढत नाही. म्हणजे हवी तेवढीच परंपरा उचलायची आणि तिलाच कणा म्हणायचे, असा हा प्रकार आहे.

वास्तवाचा मुद्दा जास्त ऐकू येतो आणि वरवर तो बिनतोडही वाटतो. तीन फुटांचा हाफलिंग सहा फुटांच्या हाफ-ऑर्कइतका ताकदवान कसा असेल? प्रश्न रास्त आहे. पण तो विचारणाऱ्याने ज्या नियमांची बाजू तो घेतो आहे ते एकदा उघडून पाहावेत. २०१४ च्या नियमांत सर्व वंशांच्या खेळाडू-पात्रांना गुणाची एकच सामान्य कमाल होती, वीस. हाफलिंगही पातळ्या चढत वीस ताकदीपर्यंत पोहोचू शकत होता. वाहून नेण्याचे वजन म्हणजे ताकदीच्या पंधरापट पौंड, आणि या हिशेबात लहान व मध्यम आकारात कोणताही भेद नव्हता. त्यामुळे स्वतः सुमारे चाळीस पौंडांचा, म्हणजे अठरा किलोंचा हाफलिंग तीनशे पौंड, म्हणजे जवळपास एकशे छत्तीस किलो वजन घेऊन चालू शकत होता. वीस ताकदीचा हाफ-ऑर्कही नेमके तेवढेच. ज्या नियमांत हे बसते, त्यांत सुरुवातीच्या अधिक दोनाने कोणते वास्तव राखले जात होते?

शिवाय सरासरी आणि व्यक्ती यांची इथे सरमिसळ होते. कळमन्याच्या बाजारात संत्र्यांच्या हंगामात पहाटे गेलात, तर पन्नास किलोंचे पोते पाठीवर टाकून झपाझप चालणारे हमाल दिसतील आणि त्यांतले निम्मे तरी तुमच्या-माझ्यापेक्षा अंगाने बारीक असतील. साहसाला निघालेले पात्र हे आपल्या जमातीची सरासरी नसतेच. असते तर ते गुहेत ड्रॅगन शोधत फिरले नसते, घरी शेती करत बसले असते.

‘बरे, पण त्या अधिक दोनातून फाशावर मिळणाऱ्या अधिक-एकाने असा काय फरक पडतो?’ असेही मध्येच म्हटले जाते, तेव्हा हिशेब मांडलेलाच बरा. गुण विकत घेण्याच्या पद्धतीत सुरुवातीची कमाल पंधरा. हाफ-ऑर्कची ताकद त्यामुळे सतरा होते आणि फाशात मिळवायचा आकडा अधिक तीन. हाफलिंगची पंधराच राहते आणि आकडा अधिक दोन. पहिल्या पातळीचे प्रावीण्य अधिक दोन धरून समोरच्या शत्रूचे कवच (त्याला मार लागण्यासाठी गाठायचा आकडा) तेरा असेल, तर हाफ-ऑर्कला वीस-बाजूंच्या फाशावर आठ किंवा जास्त लागतात, हाफलिंगला नऊ. पासष्ट टक्के विरुद्ध साठ टक्के. इथवर फरक किरकोळ दिसतो. पण तो अधिक-एक माराच्या आकड्यातही मिळवला जातो: लाँगसोर्डचा (लांब तलवारीचा) सरासरी मार एकाचा साडेसात, दुसऱ्याचा साडेसहा. फाशावर वीस पडल्यावरचा जादा मार बाजूला ठेवला, तर हाफ-ऑर्क दर फेरीला सरासरी ४.८७५ आणि हाफलिंग ३.९ इतका मार देतो. म्हणजे बरोबर एक पंचमांश कमी, तोही प्रत्येक फेरीत. पुढे पात्र चढत जाते तसा हा फरक लवकर भरूनही निघत नाही. योद्धा आणि रोग (चोर) यांखेरीज इतर पेशांत हाफ-ऑर्क आठव्या पातळीला वीस ताकद गाठू शकतो, तर हाफलिंगला बाराव्या पातळीची वाट पाहावी लागते, आणि आमच्या टेबलावरचा एकही डाव आजवर बाराव्या पातळीपर्यंत पोहोचलेला नाही. फरक जर खरोखरच नगण्य असता, तर तो राखण्यासाठी एवढा वादही झाला नसता.

याच हिशेबात तिसऱ्या कारणाचेही उत्तर आहे. अधिक-गुण होते तेव्हा वंशांची विविधता जपली जात होती, असे म्हणणाऱ्यांनी आपापल्या जुन्या वह्या काढून पाहाव्यात. मी माझ्या काढल्या. २०१५ ते २०१९ या काळात माझ्या डावांत जे सात विझार्ड (बुद्धीच्या जोरावर जादू करणारे) आले, त्यांपैकी चार उच्चकुलीन एल्फ, दोन नोम आणि एक मानव होता. ड्वार्फ एकही नव्हता. एकाला ड्वार्फ विझार्ड करायचा होता, त्याची गोष्टही तयार होती, पण बुद्धीला भर मिळत नाही हे कळल्यावर त्याने कागद फिरवला आणि नोम लिहिला. वंशांचे वेगळेपण टिकते ते आकड्यांखेरीजच्या गोष्टींनी: हाफलिंगने फाशावर एक टाकला तर त्याला तो पुन्हा टाकता येतो, ड्वार्फवर विषाचा परिणाम कमी होतो, ड्रॅगनबॉर्न वंशाचे पात्र तोंडातून आग किंवा ॲसिड ओकतो. खेळ संपल्यावर लोक बोलतात ते याबद्दल. ताकद सतरा होती की पंधरा, हे पुढच्या रविवारी कुणाच्या लक्षातही नसते.

आता ‘आपला काय संबंध’ याबद्दल. धरमपेठेतल्या एका मित्राच्या घरी आम्ही जमतो. काही वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात, कूलरच्या आवाजात एकमेकांचे बोलणे धड ऐकू येत नसताना, एक नवा मुलगा पहिल्यांदाच आला होता. त्याला इंग्रजी नियम जड जात होते, म्हणून कागद भरून देणाऱ्या आमच्यातल्या एकाने सगळे मराठीत विचारायला घेतले. नाव झाले, पेशा झाला, आणि मग सहजपणे, मान वर न करता, त्याने विचारले, “जात कोणती?” त्या मुलाने हातातली पोह्यांची बशी खाली ठेवली. टेबलावर कुणी काही बोलेना. शेवटी कोपऱ्यातून एक जण म्हणाला, “अबे, एल्फ का ड्वार्फ, ते विचारून राहिला तो.” सगळे हसले, तो मुलगाही हसला, पण जरा उशिराने. त्या दिवसापासून आम्ही तो शब्द वापरत नाही.

भाषांतर चुकले, एवढेच यात झाले असे मी मानत नाही. जन्माने कोणत्या गटात आलात यावरून तुमची बुद्धी, तुमची छाप, तुमचे बळ आधीच लिहून ठेवणारा तक्ता आमच्या भागात कल्पित नव्हता. ब्रिटिशांच्या ‘लढाऊ जमातीं’च्या सिद्धान्ताने हेच केले. कंपनीच्या मुंबई फौजेत पिढ्यान्‌पिढ्या लढलेल्या महार सैनिकांची भरती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंद झाली, कारण नव्या तक्त्यात त्यांच्या नावापुढे लढाऊपणाचा अधिक-गुण नव्हता. महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ उजाडावे लागले. तिची दुसरी बटालियन उभारली गेली ती नागपूरला लागून असलेल्या कामठीत. खेळातला ऑर्क म्हणजे कोणतीही मानवी जमात, असे मी म्हणत नाही. पण २००० च्या आवृत्तीत हाफ-ऑर्कच्या बुद्धीतून आणि छापेतून दोन-दोन वजा होत होते, २०१६ साली ऑर्कच्या बुद्धीतले उणे दोन पुन्हा आले, आणि हे वाचून ‘हा अमेरिकेचा प्रश्न आहे’ असे दीक्षाभूमीच्या गावात बसून म्हणणे मला जमत नाही.

राहिले पाचवे कारण, आणि इथे जुन्या नियमांच्या बाजूने बोलणाऱ्यांना मी मोकळेपणाने मान देतो. २०२४ च्या नियमांनी गाठ सोडवली नाही, दुसऱ्या दोरीला बांधली. शिपायाचे पूर्वायुष्य घेतले तर भर ताकद, चपळाई आणि काटकपणा यांतच मिळते. अभ्यासकाचे घेतले तर काटकपणा, बुद्धी आणि शहाणपण यांत. त्यामुळे ज्याने तरुणपण ग्रंथालयात घालवले असा योद्धा पुन्हा त्याच अधिक-एकासाठी तळमळतो. व्यवसाय निदान माणूस निवडतो, जन्म निवडत नाही, एवढा फरक मोठा आहे. तरी आम्ही टेबलावर भर हव्या त्या गुणांत टाकू देतो. आणि शरीराचा आकार ही खरी गोष्ट आहे. २०१४ मध्ये लहान आकाराच्या पात्राला अवजड शस्त्र नीट पेलत नसे. २०२४ मध्ये ती अट आकारावरून काढून ताकद (दुरून मारायच्या शस्त्रांसाठी चपळाई) तेरा असण्यावर आणली गेली, हे मला चूक वाटते. २००३ च्या नियमांत लहान पात्र मध्यम पात्राच्या तीन-चतुर्थांशच वजन उचलू शकत असे, आणि तो नियम आम्ही परत आणला आहे. आमच्या डावातली हाफलिंग योद्धा अठरा ताकदीची आहे, तिच्या पाठीवर दोनशे दोन पौंडांच्या वर काही चढत नाही, आणि तिच्या खेळाडूची त्याबद्दल आजवर तक्रार आलेली नाही.