नोंदवही मागा

नोव्हेंबर २०२२ मध्ये यूजीसीने पीएच.डी.साठी शोधनिबंध छापून आणण्याची सक्ती काढली. तेव्हापासून भारतातल्या मित्रमैत्रिणींशी फोनवर तोच वाद चालतो. एक म्हणतो, दर्जा गेला. दुसरी म्हणते, बरं झालं, पैसे भरून पेपर छापण्याचा धंदा तरी बसेल. पण कितीतरी कॉलेजांत एम.टेक.लाही पेपर मागतातच. मी जर्मनीत मेकॅनिकलच्याच प्रयोगशाळेत काम करते आणि मला वाटतं, आपण भलत्याच मुद्द्यावर भांडतोय.

माझा एम.टेक.चा प्रकल्प नळीतल्या उष्णता संक्रमणावर होता. नळीत पिळलेली पट्टी घातली की पाणी घुसळलं जातं आणि जास्त उष्णता उचलतं. किती जास्त, ते मोजायचं. सेटअपवरचे के-टाइप थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणाऱ्या तारांच्या जोड्या, कधीच कॅलिब्रेट केलेले, म्हणजे माहीत असलेल्या तापमानाशी ताडून पाहिलेले, नव्हते. आत येणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या तापमानात फरक जेमतेम ४ अंशांचा. वरच्या प्रतीच्या के-टाइपलाही दीड अंश इकडेतिकडे चालतो. दोन्ही टोकांचा मिळून हिशेब केला तर ४ अंशांत २ अंशांहून जास्त अनिश्चितता, म्हणजे निम्म्याच्याही वर. आणि मी प्रबंधात लिहिलं, उष्णता संक्रमण १८ टक्क्यांनी वाढलं! गाइडनी हटकलं नाही, बाहेरून आलेल्या परीक्षकांनी हटकलं नाही. पेपर झाला का, एवढं मात्र दोघांनीही विचारलं.

इथे आल्यावर जवळपास तसाच सेटअप हाती आला. पण पट्टी घालू देईनात. आधी रिकामी नळी. तिचे आकडे साध्या नळीसाठीच्या डिट्टस-बोल्टरच्या नेहमीच्या सूत्राशी जुळले पाहिजेत. हीटरला दिलेली वीज आणि पाण्याने नेलेली उष्णता यांचा ताळा बसला पाहिजे. सगळे थर्मोकपल एकत्र बर्फाच्या पाण्यात बुडवायचे आणि प्रत्येक जण शून्याऐवजी काय दाखवतो ते तारखेसह वहीत लिहायचं. सहा आठवडे गेले यात. मी रडकुंडीला आले होते, पण मोजमाप म्हणजे काय ते मला त्या सहा आठवड्यांत कळलं.

इथल्या मास्टर्सच्या प्रबंधाला साधारण सहा महिने मिळतात. पेपरची अट नसते. पण कच्चा डेटा मागे ठेवून जावा लागतो. डीएफजी ही इथली संशोधनाला निधी देणारी मोठी संस्था. छापलेल्या निष्कर्षांमागचा डेटा साधारण १० वर्षं जपावा, असं तिची नियमावली सांगते. इथलं सगळंच सोनं आहे असं नाही. कंपनीत बसून केलेल्या कित्येक प्रबंधांवर गोपनीयतेचा शिक्का बसतो आणि मग ते कुणाला वाचताच येत नाहीत. हेही मला पटत नाही.

'आमच्याकडे उपकरणं कुठे आहेत?' हे मी दर वेळी ऐकते. गेट या प्रवेशपरीक्षेवर एम.टेक.ला मिळणाऱ्या महिना १२,४०० रुपयांच्या शिष्यवृत्तीवर जगणाऱ्या मुलांनी ते म्हटलं तर मला समजतं. पण बर्फ सगळीकडे मिळतो. खरी उणीव आहे ती ज्याच्या हाताखालून कित्येक सेटअप गेलेत अशा टेक्निशियनची. इथल्या वर्कशॉपमधला माणूस ड्रॉइंग बघून सांगतो, 'हा सांधा गळणार,' आणि प्राध्यापक ते ऐकतात. आपल्याकडे कित्येक प्रयोगशाळांत ती खुर्ची वर्षानुवर्षं रिकामी असते. भांडायचं तर त्या खुर्चीसाठी भांडा. आणि व्हायव्हात पहिला प्रश्न वहीचा असू द्या. 'मोजमापाच्या चुकीपलीकडे फरक दिसला नाही,' असं लिहिणाऱ्या मुलीला पास करायची हिंमत दाखवा.

गेल्या महिन्यात माझ्या जुन्या कॉलेजातल्या एका ज्युनिअरने आलेख पाठवला, २२ टक्के वाढ. मी विचारलं, रिकाम्या नळीचे आकडे कुठे आहेत? चार दिवसांनी वहीच्या पानाचा फोटो आला. सातपैकी दोन थर्मोकपल बर्फात १.८ अंश दाखवत होते. खाली लिहिलं होतं, 'ताई, सगळी रीडिंग्ज परत घ्यावी लागणार.' त्याने मुदतवाढीचा अर्ज दिलाय. अजून उत्तर आलेलं नाही.