कमला सोहोनी आणि दर फेब्रुवारीत फिरणारा संदेश

दर वर्षी २८ फेब्रुवारीला, म्हणजे राष्ट्रीय विज्ञान दिनी, कोल्हापुरातील शाळांच्या, पालकांच्या आणि तालमींच्याही व्हॉट्सॲप गटांवर जीवरसायनशास्त्रज्ञ डॉ. कमला सोहोनी यांच्याविषयीचा एक संदेश फिरतो. त्याचा सारांश असा: सी. व्ही. रामन यांनी केवळ स्त्री म्हणून नाकारलेल्या या मराठी मुलीने झगडून, रामन संचालक असलेल्या बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश मिळवला, केंब्रिजमध्ये ‘सायटोक्रोम सी’ या पेशींच्या श्वसनातील रंगद्रव्याचा शोध लावला, विज्ञानात डॉक्टरेट मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री ठरली, नीरेतील जीवनसत्त्वे शोधून तिने राष्ट्रपती पुरस्कार पटकावला आणि पुढे तिचे काम विस्मृतीत गेले. पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला असतो. मीही एके वर्षी तो न तपासता पुढे पाठवला होता. तरीही त्यातील निम्मी विधाने दुरुस्त करावी लागतील आणि सोहोनींचे खरे मोठेपण ज्यात आहे, ते तर त्यात आलेलेच नाही.

रामन यांच्याबद्दलचा भाग खरा आहे. १९३३ साली कमला भागवत (हे सोहोनींचे माहेरचे नाव) यांना त्यांनी आधी नकार दिला आणि नंतर वर्षभराच्या परीक्षेची अट घालून घेतले. रामन यांच्या शोधाच्या स्मरणार्थ पाळल्या जाणाऱ्या दिवशीच ही कथा फिरावी, हा योगही गमतीचा आहे. मात्र कथा दारापाशीच थांबते. आत गेल्यावर श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी दूध आणि कडधान्ये यांतील प्रथिनांवर काम केले. आयुष्यभराच्या संशोधनाचे बीज तिथे पडले.

‘पहिली भारतीय स्त्री’ हे बिरुद मात्र टिकत नाही. केरळातील थलश्शेरीच्या ई. के. जानकी अम्माल यांना मिशिगन विद्यापीठाने १९३१ मध्येच डी.एस्सी. दिली होती, तर सोहोनींची पीएच.डी. १९३९ची आहे. नेमके ‘पीएच.डी.’ हेच नाव धरून बसायचे तर वाद घालता येईल. पण संदेशात ‘विज्ञानातील पहिली डॉक्टरेट’ असे आहे आणि ते चूक आहे. शिवाय या जानकीबाई पुढे कोइमतूरच्या ऊस पैदास संस्थेत उसाच्या संकरावर काम करत होत्या. निदान उसावर जगणाऱ्या आपल्या जिल्ह्याने तरी त्यांना विसरू नये.

सायटोक्रोमचा शोधही सोहोनींचा नव्हे. डेव्हिड कीलिन यांनी केंब्रिजमध्येच १९२५ साली हे रंगद्रव्य वर्णिले होते आणि ते प्राणी, यीस्ट व उच्च वनस्पती या सर्वांत आढळते, असे त्याच वेळी मांडले होते. कमलाबाईंनी केले ते काम निराळे आणि अधिक अवघड होते. वनस्पतीच्या ऊतींमध्ये, विशेषतः बटाट्यात, ही श्वसनयंत्रणा प्रत्यक्ष कशी चालते, हे त्यांनी प्रयोगाने तपासले. केंब्रिजचे संशोधक रॉबिन हिल यांच्यासह सपुष्प वनस्पतींतील सायटोक्रोम ऑक्सिडेज या श्वसनातील विकरावरचा (एन्झाइमवरचा) त्यांचा लेख १९३९ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात आला.

नीरेविषयी थोडक्यात. राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरा आणि ताडगूळ यांची पोषणमूल्ये तपासली, कुपोषित किशोरवयीन मुले व आदिवासी गर्भवती स्त्रिया यांच्या आहारात त्यांचा उपयोग पाहिला आणि त्याबद्दल पुरस्कारही मिळाला. ते एका अन्नाचे मूल्यमापन होते. नीरेत कोणतेही नवे जीवनसत्त्व त्यांनी शोधले नाही.

ज्याविषयी संदेशात एक अक्षरही नाही, ते काम १९४९ ते १९६९ या काळात मुंबईच्या विज्ञान संस्थेत, विद्यार्थ्यांना हाताशी धरून झाले. कडधान्यांत प्रथिने भरपूर असतात, पण खाल्लेले सगळे प्रथिन अंगी लागत नाही. याचे एक कारण असे की, स्वादुपिंडातून येणाऱ्या ट्रिप्सिन या प्रथिने पचवणाऱ्या विकराला अडवणारे पदार्थ काही कडधान्यांत असतात. सोहोनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने वाल व डबल बी यांतून असे रोधक स्फटिकरूपात वेगळे केले. हा लेखही ‘नेचर’मध्येच, १९५५ साली प्रसिद्ध झाला. स्फटिक हाती आला की पदार्थ शुद्ध असल्याची बरीचशी खात्री पटते आणि त्याच्या गुणधर्मांचा नेमका अभ्यास करता येतो, म्हणून त्या काळात याला मोठे महत्त्व होते. असे रोधक शिजवल्याने बऱ्याच अंशी निष्प्रभ होतात. पावट्याची उसळ नीट शिजू देण्याचा घरातील आग्रह केवळ चवीसाठी नसतो, हे त्यावरून ध्यानात यावे. गरिबाच्या ताटातील डाळीचे प्रथिन किती पचते, हा प्रश्न आहारशास्त्रात कळीचा आहे.

राहिला विस्मृतीचा मुद्दा. सर्वसाधारण वाचकांपुरता तो खरा असेल. अभ्यासकांपुरता मात्र तपासून पाहावा लागतो, कारण केंब्रिजचे लेख ‘के. भागवत’ या नावाने आहेत, १९४७च्या विवाहानंतरचे मुंबईतील लेख ‘सोहोनी’ या नावाने आहेत आणि हिल यांच्याबरोबरचा १९५१चा वनस्पतीविषयक लेख पुन्हा माहेरच्याच नावाने आहे. त्यामुळे फक्त ‘सोहोनी’ शोधणाऱ्याला वनस्पतिश्वसनाचे काम दिसत नाही आणि फक्त ‘भागवत’ शोधणाऱ्याला वालाचा स्फटिक सापडत नाही.