आधी दिवे, मग वीज

रत्नागिरीत कुणाच्या मुलाला गेमिंगचा संगणक हवा असला की सुट्या भागांची यादी माझ्याकडे येते, आणि प्रत्येक यादीत तेच रडगाणे असते! बजेट ४० हजारांचे असो वा दीड लाखाचे, रंगीत दिव्यांचे पंखे आधी ठरलेले असतात आणि सगळ्या भागांना वीज पुरवणारा पॉवर सप्लाय मात्र 'उरलेल्या पैशांत बघू' या सदरात ढकललेला असतो. अहो, जिथे पहिला पाऊस शिंतडला तरी वीज जाते आणि परत येताना बल्ब आधी मिणमिणतो, मग भगभगतो, तिथे ५० हजारांचे ग्राफिक्स कार्ड ८०० रुपयांच्या डब्याच्या भरवशावर कोणत्या धैर्याने सोडता?

पैसे कमी असतील तर आज वेगळ्या कार्डाशिवायही पडद्यावर चित्र दाखवणारा, अंगभूत ग्राफिक्सचा प्रोसेसर घ्या, कार्ड पुढे घेता येईल, असे म्हटले की चेहरे पडतात. पैसेवाले १४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा मॉनिटर आणतात आणि सेटिंग न बदलता वर्षभर ६० वरच चालवतात. १६ जीबी रॅम एकाच पट्टीत घेऊ नका, ८-८ च्या दोन घ्या म्हणजे ड्युअल चॅनल मिळेल, दोन्ही पट्ट्या एकदम कामाला लागून वेग वाढेल, हे आता दवंडी पिटून सांगू काय?

परवा मांडवीला समुद्राकडच्या खिडकीत ठेवलेली एका संगणकाची कॅबिनेट उघडली, तर स्क्रूंवर तांबूस गंज आणि पंख्यांच्या पात्यांवर खारट, चिकट धुळीचा थर! वीज गेली तरी संगणक थोडा वेळ चालू ठेवणारा यूपीएस कुठे आहे, असे विचारले.

"काका, तो आंब्याचे पैसे आले की घेऊ."

पंखे मात्र सातही रंगांत झगमगत होते.