हळदीच्या दुधाने सीएमटी बरा होत नाही

शार्को-मारी-टूथ, म्हणजे सीएमटी, हा हातापायांच्या नसांचा आनुवंशिक आजार. त्याबद्दल एक मजकूर फिरत असतो: 'बिघडलेलं प्रथिन पेशीत अडकतं, हळद ते मोकळं करते, शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय, हळदीचं दूध घ्या, व्यायाम आणि स्प्लिंट सोडा.' घरातली माणसं आशेने हे वाचतात, म्हणून उत्तर द्यायलाच हवं.

'प्रथिन अडकतं.' मोजक्या घरांत. सर्वाधिक आढळणाऱ्या 1ए प्रकारात 17 व्या गुणसूत्रावरच्या पीएमपी22 जनुकाच्या दोनऐवजी तीन प्रती असतात. प्रथिन बिघडलेलं नसतं, ते जास्त बनतं. अडकण्याचा प्रश्न मुख्यतः जनुकात एखादं अक्षर बदललेल्यांचा.

तिथे काय घडतं? पीएमपी22 हे प्रथिन मायलिनच्या, म्हणजे नसेवरच्या आवरणाच्या, पटलात बसतं. त्याची घडी हे आवरण बनवणाऱ्या श्वान पेशीच्या एन्डोप्लाझ्मिक रेटिक्युलममध्ये, म्हणजे प्रथिनं घडवणाऱ्या भागात, पडते. त्याला जोडलेल्या शर्करासाखळीच्या टोकाला एक ग्लुकोज असेपर्यंत कॅल्नेक्सिन हे राखणदार प्रथिन त्याला धरून ठेवतं. ग्लुकोज छाटला की प्रथिन सुटतं. घडी चुकली असेल तर दुसरं एन्झाइम ग्लुकोज परत जोडतं, की पुन्हा पकड. घडी जमलीच नाही तर पेशी ते मोडून टाकते. निरोगी श्वान पेशीतही नव्या पीएमपी22 पैकी जेमतेम पाचवा हिस्सा पटलापर्यंत पोचतो. अडवणं हे पेशीचं नेहमीचंच काम आहे.

'मोकळं केलं की बरं.' इतकं सोपं नाही. पीएमपी22 ची एक प्रत मुळातच नसलेल्यांना तुलनेने सौम्य आजार होतो: कोपर टेकून बसलं किंवा पायावर पाय टाकला, की दबलेली नस काही काळ काम करत नाही. बिघडलेलं प्रथिन बनवणाऱ्यांना पुष्कळदा याहून जास्त त्रास होतो, कारण ते चांगल्या प्रथिनाशीही जोडी करून त्याला अडकवून ठेवतं. नुसती कमतरता हे कारण इथे पुरत नाही.

'सिद्ध केलंय.' 2007 साली ट्रेम्बलर-जे या, सीएमटीसारखा आजार असलेल्या उंदरांना हळदीतलं कर्क्युमिन खाऊ घातल्यावर त्यांची हालचाल सुधारली, हे खरं. त्या उंदरांच्या पीएमपी22 मध्ये 16 व्या जागी ल्युसिन या अमिनो आम्लाऐवजी प्रोलीन असतं, म्हणजे ते अक्षर बदललेल्या प्रकारातले, 1ए चे नव्हेत. माणसांत असा इलाज सिद्ध झालेला नाही. हळदीत कर्क्युमिन असतं सुमारे 3 टक्के, आणि आतड्यातून ते फारच कमी शोषलं जातं. मिरीचा अर्क घातलेल्या कर्क्युमिनच्या तीव्र गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत.

दूध आवडत असेल तर जरूर प्या. पण स्प्लिंट काढू नका, व्यायाम चालू ठेवा, आणि जनुकीय अहवालात तुमचा प्रकार कोणता लिहिलाय ते डॉक्टरांना विचारा.