२५२० मध्ये रहस्य नाही, लसावि आहे

फोंड्यात शिकवणीला जाणाऱ्या माझ्या भाचीने ग्रुपवर आलेला एक मेसेज चक्क गणिताच्या वहीत उतरवून घेतलाय. तुम्हालाही आला असेल: २५२० ही जगातली सर्वांत विचित्र संख्या, १ ते १० सगळ्यांनी भाग जाणारी एकमेव. रामानुजनांनी ती शोधली आणि गणिती थक्क झाले. तिचं रहस्य म्हणे ७ × ३० × १२, म्हणजे आठवड्याचे दिवस, महिन्याचे दिवस आणि वर्षाचे महिने.

‘एकमेव’ तर सरळ खोटं. ५०४० घ्या, ७५६० घ्या, २५२० च्या पटीतली कुठलीही संख्या घ्या. २५२० त्यांतली सर्वांत लहान, म्हणजे १ ते १० चा लसावि (लघुतम साधारण विभाज्य), इतकंच.

शोधाचं म्हणाल तर ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोने ‘लॉज’ या ग्रंथात आदर्श नगरासाठी ५०४० कुटुंबं सुचवली, आणि १ ते १० सलग सगळ्यांनी भाग जातो हे कारणही दिलं. हे इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात. रामानुजनांचा जन्म १८८७ चा!

पण खरा संताप येतो तो त्या ७ × ३० × १२ चा. गुणाकार बरोबर आहे, मान्य. पण दिवसांना दिवसांनी आणि वर महिन्यांनी गुणून मोजलं काय? चांद्र वर्षात तिथी ३६०, दिवस मात्र सुमारे ३५४. सौर वर्ष सुमारे ३६५ दिवसांचं, म्हणून तर पंचांगात अधिक मास घालावा लागतो. त्या ३६० ला पुन्हा ७ ने गुणून काय हाती लागतं, ते मेसेज लिहिणाऱ्यानेच सांगावं. ७ तिथे आठवड्यामुळे आलेला नाही. ती मूळ संख्या आहे आणि १ ते १० मधल्या दुसऱ्या कुठल्याही संख्येच्या अवयवांत ती सापडत नाही, म्हणून वेगळी घ्यावी लागते. आठवडा आठ दिवसांचा असता तरी घ्यावीच लागली असती.

करून बघा. ८ घेतले की २ आणि ४ त्यात आले. ९ घेतले की ३ आले, ६ ही भागले. ५ घेतले की १० झाले. उरले ७. आता ८ × ९ × ५ × ७ = २५२०. शाळेतलं पोर हे दोन मिनिटांत करतं. भाचीला विचारलं, “कशी काढायची गो ही?” तर म्हणाली, “मामा, ती रामानुजनांची आहे, काढायची नसते.” नुकसान म्हणतात ते हे.

रामानुजनांचा संबंध अगदीच नाही असं मात्र नाही. २५२० ला ४८ विभाजक आहेत. तिच्याहून लहान कुठल्याच संख्येला इतके नाहीत. अशाच संख्यांवर त्यांचा १९१५ चा मोठा निबंध आहे. त्यातल्या यादीत २५२० ही अनेकांतली एक. यादी जाते थेट ६७४६३२८३८८८०० पर्यंत, जिला १००८० विभाजक आहेत. अवयव पाडत, एकेक तपासत त्यांनी ती केली, आणि तरीही २९३३१८६२५६०० ही एक संख्या त्यातून निसटली. पोरांना रामानुजन सांगायचेच असतील तर हे सांगा. आणि ज्यांनी तो मेसेज मुलांच्या ग्रुपवर टाकला, त्यांनी दुरुस्तीही तिथेच टाकावी.