बाबांचा पाय कोणाच्या अखत्यारीत?

२०२५ च्या सप्टेंबर महिन्यात फिजिओथेरपिस्टांनी नावाआधी ‘डॉ.’ लावावे की नाही, यावरून आपल्याकडे मोठा वाद झाला. केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने ते लावू नये असे पत्र काढले आणि दुसऱ्याच दिवशी ते मागे घेतले. आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर मावसभाऊ, जो स्वतः फिजिओथेरपिस्ट आहे, आणि काका, ज्यांनी चाळीस वर्षे एमबीबीएस म्हणून दवाखाना चालवला, हे दोघे रात्री उशिरापर्यंत एकमेकांना कायद्याची कलमे पाठवत होते. इंग्लंडमधल्या लेस्टरमध्ये बसून मी ते सारे वाचत होते. त्याच आठवड्यात संगमनेरला बाबांच्या उजव्या पायाचे अंगठ्याशेजारचे बोट मधुमेहामुळे काढावे लागले होते. कोणी स्वतःला काय म्हणवून घ्यावे हा प्रश्न क्षुल्लक आहे असे मी म्हणणार नाही; पण बाबांचा पाय अठरा वर्षे कोणाच्याच अखत्यारीत नव्हता, ही गोष्ट त्या वादात कुठेच बसत नव्हती, आणि तिच्याबद्दल लिहिणे मला अधिक गरजेचे वाटते.

बाबा एसटीत वाहक होते. उभ्याने गेलेली नोकरी, त्यामुळे तळपायाला घट्टे आणि भोवऱ्या ही त्यांच्या दृष्टीने कामाचीच खूण होती. मधुमेह निघाल्यापासून दर तीन महिन्यांनी रक्त तपासायचे, रक्तदाब पाहायचा, गोळ्या लिहून घ्यायच्या, हे सारे त्यांनी शिस्तीने केले, आणि त्यांच्या फाइलमध्ये अठरा वर्षांचा एकही कागद हरवलेला नाही. परंतु या काळात ते ज्या ज्या दवाखान्यात गेले, तिथे चप्पल दाराबाहेर काढूनच आत जायचे असूनही, त्यांचे तळपाय कोणी उलटून पाहिल्याचे त्यांना आठवत नाही. बोटाखालची भोवरी ते दाढीच्या ब्लेडने तासत आणि वर कधी कॉर्न कॅप (भोवरीवर चिकटवायची औषधी पट्टी), तर कधी बिब्याचा चटका लावत. पूर्वी हे करताना ते कळवळायचे. गेली दोन-तीन वर्षे त्यांना काहीच दुखत नव्हते, आणि दुखत नाही म्हणजे भोवरी बरी होत आली, असा अर्थ घरातल्या सगळ्यांनी काढला. सकाळी फरशी पुसताना आईला ओल्या पावलांच्या ठशात पिवळसर डाग दिसला, तेव्हा जखम हाडापर्यंत पोहोचलेली होती.

दुखणे थांबणे हीच धोक्याची सूचना होती. साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली की पायाच्या नसा हळूहळू निकामी होतात आणि तळपायाला खडा, चटका, बुटाची शिवण, यांतले काहीच जाणवेनासे होते. ज्या जागी भार जास्त पडतो तिथे कातडी जाड होत जाते, तो घट्टा स्वतःच आतल्या मांसाला खड्यासारखा दाबत राहतो आणि वरून धडधाकट दिसणाऱ्या कातडीखाली जखम तयार होते. त्यात रक्तपुरवठा कमी पडला आणि जंतुसंसर्ग झाला, की गोष्टी दिवसांत नव्हे, तासांत बिघडतात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) पाहणीने भारतातील मधुमेहींची संख्या सुमारे १० कोटी १० लाख असल्याचे सांगितले. एवढ्या लोकांचे तळपाय पाहण्याचे काम आपण नेमके कोणाला दिले आहे?

इंग्लंडमध्ये या कामासाठी स्वतंत्र माणूस असतो, हे मला इथे येईपर्यंत माहीत नव्हते. मी प्राथमिक शाळेत शिकवते. काही वर्षांपूर्वी सकाळी अंथरुणातून उठून पहिले पाऊल टाकताच टाचेत सुरी खुपसल्यासारखी कळ येऊ लागली. सुट्टीत भारतात आले असताना एक्स-रे काढला गेला, ‘टाचेचे हाड वाढले आहे’ असे सांगण्यात आले आणि इंजेक्शन सुचवले गेले. ते न घेता मी परत आले आणि अकरा आठवडे थांबल्यावर एनएचएस या इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या पोडियाट्रिस्टकडे, म्हणजे पायांच्या तज्ज्ञाकडे, माझा नंबर लागला. त्या बाईंनी आधी माझे बूट हातात घेतले, उलटे केले, टाचेची बाहेरची कड किती झिजली आहे ते अंगठ्याने चाचपले आणि बूट मधूनच दुमडतो का, हे वाकवून पाहिले. मग मला अनवाणी चालायला लावले, पोटरी किती ताठ आहे ते पाहिले आणि टाचेच्या आतल्या कडेला, बरोबर त्याच ठिकाणी, बोट दाबले. टाचेपासून बोटांपर्यंत पसरलेला जाड पडदा ओढला गेल्याने ही कळ येते, एक्स-रेत दिसणारे वाढलेले हाड कित्येक न दुखणाऱ्या टाचांतही असते, हे त्यांनी शांतपणे समजावले. उठण्यापूर्वी टॉवेलने पाऊल स्वतःकडे ओढणे, पायरीच्या कडेला उभे राहून टाच खाली सोडणे आणि घरात कडक फरशीवर अनवाणी न फिरणे, एवढाच उपचार होता. पाच महिन्यांनी माझी टाच बरी झाली.

इथे पोडियाट्रिस्ट होण्यासाठी साधारण तीन वर्षांची पदवी लागते आणि ‘पोडियाट्रिस्ट’ किंवा त्याचा जुना पर्याय ‘कायरोपोडिस्ट’ हे नाव हेल्थ अँड केअर प्रोफेशन्स कौन्सिलच्या नोंदवहीत नाव असल्याशिवाय कोणालाही वापरता येत नाही. ही नोंदवही कोणीही घरबसल्या पाहू शकतो. नावाआधी काय लावायचे हा तंटा इथे फारसा ऐकू येत नाही, याचे कारण नावामागचे काम आखून दिलेले आहे. भोवरी आणि घट्टे तासणे, मांसात घुसलेल्या नखाची कड बोट बधिर करून काढणे आणि ती पुन्हा वाढू नये म्हणून मुळाशी फिनॉल हे रसायन लावणे, बुटात घालायचे तळवे तयार करणे ही कामे ते करतात, आणि रक्तपुरवठा बंद होत आहे असे दिसले तर रुग्णाला लगेच शल्यविशारदांकडे धाडतात. मावसभावाच्या क्षेत्राशी त्यांचे काम काही ठिकाणी जुळते. घोटा मुरगळला तर दोघेही आधी हेच पाहतील की रुग्णाला चार पावले टाकता येतात का आणि घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेवर दाबले असता दुखते का, कारण एक्स-रे लागेल की नाही हे कॅनडातल्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये मांडलेल्या या साध्या नियमांवरून बहुतांशी ठरते. (पहिल्याच दिवशी गरम तेलाने रगडणे हा आपल्याकडचा उपाय दोघांनाही मान्य नसतो.)

मधुमेहींच्या बाबतीत तर ही व्यवस्था वेळापत्रकच घालून देते. उपचार कसे व्हावेत हे ठरवून देणाऱ्या इथल्या नाइस या संस्थेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार निदान झाल्यावर आणि त्यानंतर वर्षातून किमान एकदा पाय तपासले पाहिजेत, धोका जास्त असेल त्याला एक-दोन महिन्यांनी पुन्हा बोलावले पाहिजे आणि जखम दिसली तर एका कामाच्या दिवसात तज्ज्ञ पथकाकडे पाठवले पाहिजे. बाबांच्या जखमेवर तीन आठवडे रोज नुसती पट्टी बदलली जात होती, हे आठवले की त्या ‘एका दिवसा’चे मोल मला कळते.

तरीही इथले सगळे छान आणि आपले सगळे वाईट, असे चित्र मी रंगवू इच्छित नाही. माझ्या शेजारच्या आजी ८१ वर्षांच्या आहेत. त्यांना वाकून स्वतःची नखे कापता येत नाहीत आणि मधुमेहासारखा धोका नसल्यामुळे एनएचएस बहुतेक ठिकाणी हे काम करत नाही. पेन्शनमधून पैसे काढून त्या खासगी ठिकाणी जातात, आणि हात आखडला की नखे वाढू देतात, मग बूट चावतो, मग त्या घराबाहेर पडत नाहीत. शिवाय ‘फूट हेल्थ प्रॅक्टिशनर’ (पायांची निगा राखणारा) या नावाला कायद्याचे संरक्षण नाही, त्यामुळे पाटी वाचून तीन वर्षे शिकलेला कोण आणि थोडक्यात शिकलेला कोण, हे म्हाताऱ्या माणसाला कळत नाही. माझे अकरा आठवडे मी सोसले, कारण माझ्या टाचेला संवेदना होती. तेवढे थांबणे कोणाच्या तरी बोटावर बेतू शकते. आमच्याकडे आजीचे पाय चेपणारी आणि नखे कापून देणारी नातवंडे अजून आहेत, आणि ही गोष्ट कोणतीही आरोग्य योजना विकत आणू शकत नाही.

गटावर काकांनी लिहिले होते की पायासाठी वेगळा माणूस म्हणजे परदेशी चोचले आहेत. काकांविषयी मला आदर आहे, पण इथे त्यांची माहिती अपुरी आहे, असे मला स्पष्ट लिहिले पाहिजे. लेस्टरमध्ये मधुमेहींचे पाय तपासायला वापरतात तो नायलॉनचा तंतू, जो कातडीवर टेकवून दहा ग्रॅमचा दाब पडला की वाकतो, तो कुष्ठरोग्यांच्या बधिर पायांवरच्या कामातून मधुमेहाकडे आला. त्या कामाचे एक मोठे केंद्र भारतात होते. भारतातच जन्मलेले शल्यविशारद पॉल ब्रँड यांनी वेल्लोरमध्ये दाखवून दिले की कुष्ठरोग्यांची बोटे ‘झडत’ नाहीत. वेदना नसल्यामुळे न कळत झालेल्या जखमांनी ती जातात. योग्य पादत्राण आणि रोजची पाहणी यांनी पाय वाचतो, हे ज्ञान घेऊन ते पुढे अमेरिकेतल्या कार्व्हिल इथल्या कुष्ठरोग रुग्णालयात गेले. सूक्ष्म छिद्रांच्या मऊ रबराच्या, ज्यांना एमसीआर चप्पल म्हणतात त्या, आपल्याकडे कुष्ठसेवेच्या केंद्रांत कित्येक वर्षांपासून बनतात. आपल्याच मातीत उमगलेली गोष्ट आपण कुष्ठरोगापुरती ठेवली आणि मधुमेह घरोघरी आला तेव्हा ती तिथून बाहेर काढायला विसरलो.

अगदी सगळेच विसरले, असेही नाही. नागपूरचे डॉ. शरद पेंडसे यांच्यासारख्या मंडळींनी २००४ पासून ‘स्टेप बाय स्टेप’ या उपक्रमात देशभरातल्या डॉक्टर आणि परिचारिका यांच्या जोड्यांना मधुमेही पायाच्या काळजीचे प्रशिक्षण दिले. डॉक्टर एकटा न येता त्याच्याबरोबर परिचारिका आली पाहिजे, ही त्यातली कल्पना मला फार शहाणपणाची वाटते, कारण रोजचे पाहणे तिच्याच हातून होते. २०२१ च्या सहयोगी आरोग्य व्यावसायिकांच्या राष्ट्रीय आयोगाच्या कायद्याने पोडियाट्रिस्ट हा व्यवसाय आपल्या परिशिष्टात नोंदवला आहे. म्हणजे नाव कागदावर आलेले आहे. ते नाव धारण करणारा माणूस तालुक्याच्या ठिकाणी कधी दिसेल, यावर वाद घालणारे मात्र मला गटावर कोणी भेटले नाही.

पदवीधर पोडियाट्रिस्ट संगमनेरात येईपर्यंत थांबावे, असेही माझे म्हणणे नाही. आशा सेविका तीस वर्षांवरील लोकांची माहिती ज्या अर्जात भरतात, त्यात तळपाय बधिर होतात का, हा प्रश्न मुख्यतः कुष्ठरोगासाठी आधीच विचारलेला असतो. त्याच उत्तरापुढे मधुमेहाची खूण असेल, तर त्या माणसाला आरोग्य केंद्रात बोलावून एका प्रशिक्षित परिचारिकेने दोन्ही तळपाय, बोटांमधल्या फटी आणि चपला पाहाव्यात, वर्षातून एकदा, आणि त्याची नोंद साखरेच्या आकड्याशेजारी व्हावी, एवढेच मागणे आहे. त्यासाठी लागणारा तंतू महाग नाही. तोही नसेल तर इंग्लंडमधल्या इप्सविच गावी तयार झालेली एक चाचणी नुसत्या बोटाने करता येते: डोळे मिटायला सांगून दोन्ही पायांच्या अंगठ्याच्या, मधल्या बोटाच्या आणि करंगळीच्या टोकाला एक-दोन सेकंद हलकेच स्पर्श करायचा, आणि सहापैकी दोन किंवा अधिक स्पर्श कळले नाहीत तर संवेदना कमी झाली आहे असे समजून पुढे तपासायला पाठवायचे.

दिवाळीत घरी गेले तेव्हा पाडव्याच्या सकाळी ओवाळून झाल्यावर आई-बाबांना नमस्कार केला आणि तशीच खाली बसून राहिले. आईला म्हटले, “डोळे मीट, आणि कुठल्या पायाला हात लावते ते सांग.” आईला मधुमेह निघून सहा वर्षे झाली आहेत. तिने पहिले तीन बरोबर सांगितले. चौथ्याला ती वाट पाहत राहिली आणि म्हणाली, “लाव की गं.” माझे बोट तिच्या डाव्या करंगळीवर होते. पाचव्यालाही तेच झाले. भाऊबिजेनंतर पहिल्याच सोमवारी मी तिला नगरला घेऊन गेले.

बाबांसाठी तिथेच एमसीआरच्या चपला करून घेतल्या. मापे घेणाऱ्या कारागिराने त्यांचा पाय कागदावर ठेवून पेन्सिल फिरवली, काढलेल्या बोटाची जागा थोडी मोकळी ठेवली आणि अंगठ्याखाली बोटभर खोलगट भाग कोरला. या चपला घरातही घालायच्या आहेत, हे बाबांना पटायला वेळ लागला, कारण आमच्या घरात उंबऱ्याच्या आत पादत्राण कधीच आले नव्हते. शेवटी आईने तोडगा काढला. बाहेरची जोडी उंबऱ्याबाहेर राहते, आणि आतली, जी कधी रस्त्याला लागलेली नाही, ती देवघराच्या चौकटीशी काढून बाबा पूजेला बसतात आणि उठताना, उभे राहण्याआधी, बसूनच पुन्हा पायात घालतात.